पणतीच्या पेटीत टाकलेलं मत

माझ्या आजोबांच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. अकरा मिनिटांचं. २०१६ साली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, कॉलेजच्या एका प्रकल्पासाठी मी ते फोनवर केलं होतं. मागे आईचा मिक्सर चालू आहे, मध्येच लोणावळा लोकलचा भोंगा ऐकू येतो. सहाव्या मिनिटाच्या आसपास मी विचारतो, "आबा, पहिलं मत कुणाला दिलं होतं?"

"पणतीला. सत्तावन साली. म्हाळगी उभे होते."

"म्हणजे तुम्हाला जनसंघाची धोरणं पटायची?"

आबा हसतात. "छे रे. आम्ही सेवा दलाची पोरं. त्यांचं अर्थकारण म्हणजे आमच्या थट्टेचा विषय. कधीच पटलं नाही. मत मात्र त्यांनाच दिलं."

आणि इथे मी, भावी संशोधक, पुढचा प्रश्न विचारतो: "तेव्हा तळेगावात वीज होती का?"

दोन वर्षांनी आबा गेले. 'मग का दिलं?' हा तीन शब्दांचा प्रश्न मी विचारला नाही. आज माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या तीन शब्दांभोवती फिरतंय. तुमच्यापैकी जे पेटची किंवा नेट-सेटची तयारी करतायत, विषय शोधतायत, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. मी मुळात संख्याशास्त्राचा विद्यार्थी. एम.एस्सी. झाल्यावर निवडणुकांच्या जुन्या निकालांकडे वळलो, कारण आकडे तयार मिळतील असं वाटलं होतं. आकडे मिळाले. त्यांचा अर्थ मात्र तयार मिळत नाही.

प्रश्न साधा आहे. ज्या उमेदवाराला किंवा त्याच्या पक्षाला अर्थकारणातलं फारसं कळतं असं तुम्हाला वाटत नाही, त्याला तुम्ही मत देता. हे अविचारी वागणं आहे का? आणि साठ-सत्तर वर्षांनी कुणी ते मत मोजायला बसला, तर त्याने ते कशाच्या खात्यात टाकायचं?

आधी १९५७ चं चित्र समजून घेऊ. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शेवटी आला. मराठी भाषकांचं मुंबईसह राज्य त्यात नव्हतं. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात, विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई एकत्र बांधलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य आलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. चार महिन्यांत निवडणूक.

आता समितीत कोण कोण होतं ते बघा. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांचा प्रजा समाजवादी पक्ष. कॉम्रेड डांग्यांचा कम्युनिस्ट पक्ष. शेतकरी कामगार पक्ष. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. आचार्य अत्र्यांसारखे कुठल्याच चौकटीत न बसणारे. आणि भारतीय जनसंघ. मावळची विधानसभेची जागा समितीने जनसंघाला सोडली. उमेदवार रामभाऊ म्हाळगी. ते निवडून आले.

जरा थांबून या आघाडीचं वेडेपण लक्षात घ्या. राष्ट्र सेवा दल उभं राहिलं तेच मुळी संघाच्या शाखेला पर्याय म्हणून. १९४८ च्या जानेवारीनंतर समाजवादी आणि संघवाले यांच्यात जे अंतर पडलं होतं, ते काही नऊ वर्षांत मिटण्यासारखं नव्हतं. त्यातून जनसंघाची देशपातळीवरची भूमिका भाषिक प्रांतांच्या बाजूची नव्हतीच, त्यांना एकात्म केंद्रीय राज्य हवं होतं. म्हणजे आबांनी ज्या पेटीत मत टाकलं, त्या पक्षाची दिल्लीतली भूमिका आबांच्या मागणीच्याच उलट होती. इथल्या शाखेने मात्र समितीत उडी घेतली होती.

'पेटी' हा शब्द मी अक्षरशः वापरतोय. १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत आजच्यासारखी शिक्का मारायची मतपत्रिका नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. आडोशामागे जायचं आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. सेवा दलाचा मुलगा आत गेला, बैलजोडीची पेटी ओलांडली आणि पणतीच्या पेटीत कागद टाकून बाहेर आला. झोपडीची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पक्षाची पेटी तिथे नव्हतीच.

आता अर्थकारणाकडे. त्या काळी डाव्या तरुणाला जनसंघाच्या आर्थिक समजेबद्दल शंका का होती? दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ मध्ये सुरू झालेली. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केलेला. कम्युनिस्ट आणि शेकाप त्याच्याही डावीकडे, राष्ट्रीयीकरण आणि जमिनीचं फेरवाटप ही त्यांची भाषा. या सगळ्यांच्या तुलनेत जनसंघाकडे स्वदेशी, छोटे उद्योग, खाजगी मालकीचा आदर अशी काही सूत्रं होती, पण योजनेला तोडीस तोड असं मांडणीचं पुस्तक नव्हतं. पक्षच १९५१ मध्ये जन्मलेला.

इथे तुमच्यासाठी एक सापळा आहे, त्यात मी स्वतः पडलो होतो. जनसंघाचं अर्थकारण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दीनदयाळ उपाध्याय येतात. पण पंचवार्षिक योजनांवरचं त्यांचं टीकात्मक पुस्तक १९५८ चं, आणि एकात्म मानववादाची मुंबईतली व्याख्यानं १९६५ ची. फेब्रुवारी १९५७ मध्ये मावळातल्या मतदारापुढे यातलं काहीच नव्हतं. नंतरचा विचार आधीच्या मतावर चिकटवायचा, ही चूक सिनॉप्सिसमध्ये सर्रास होते आणि ती करताना फार विद्वान वाटतं. म्हाळगींबद्दलही एक स्पष्ट करतो. ते वकील, आणि पुढे विधिमंडळात अभ्यासू म्हणूनच नावाजले गेले. आबांची शंका माणसाच्या बुद्धीबद्दल नव्हती. ज्या पक्षाचा कागद अजून कोरा आहे, त्याला शेतकऱ्याचं, कुळाचं गणित काय कळणार, अशी ती शंका होती.

आणि कुळाचं गणित हे आबांच्या घरात पुस्तकी नव्हतं.

आमची आंदर मावळात भाताची थोडी जमीन आहे. ती तेव्हा आमची नव्हती. पणजोबा कूळ म्हणून ती कसायचे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा मूळचा १९४८ चा, त्यात १९५६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ती १ ऑगस्ट १९५६ पासून लागू झाली आणि तिने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ, काही अटींवर, त्या जमिनीचं खरेदीदार मानलं जाणार होतं. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार, आकाराच्या किमान वीस पट, कमाल दोनशे पट. हप्त्याने फेडायची सोय. जुन्या सातबाऱ्यांच्या भानगडीत ज्यांची घरं अडकली आहेत त्यांना '३२-ग ची नोटीस' आणि '३२-म चं प्रमाणपत्र' हे शब्द पाठ असतील. आमच्याही पत्र्याच्या पेटीत ते दोन्ही कागद आहेत.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मतदान फेब्रुवारी-मार्च १९५७. कृषक दिन १ एप्रिल १९५७. म्हणजे ज्या सरकारने पणजोबांना मालक करणारा कायदा केला, त्या सरकारच्या पक्षाला आबांनी कृषक दिनाच्या काही आठवडे आधी नाकारलं. आणि ज्या पक्षाचं जमिनीबद्दलचं धोरण त्यांना संशयास्पद वाटत होतं, त्याला मत दिलं. एकट्या आबांचं हे नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून ती सत्तेवर राहिली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जिवावर. खुद्द पुण्यात ना. ग. गोऱ्यांनी काकासाहेब गाडगिळांना हरवलं, आणि काकासाहेब तर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने बोलणारे काँग्रेसवाले. बैलजोडीच्या शेजारी उभं राहणं त्यांना भोवलं.

यावरून घाईने काढायचा निष्कर्ष तयारच असतो: लोक भावनेच्या भरात वाहून गेले, पोटाचा विचार केला नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य, थोड्या जड शब्दांत, होतं. 'अस्मितेने आर्थिक हितसंबंधांवर मात केली.' वाचायला किती छान वाटतं!

पण मावळचं पोट कुठे भरत होतं? भाताच्या खाचरावर वर्षाचे काही महिने. बाकी मुंबईवर. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईला गेली. गिरण्यांत, गोदीत, माथाडीच्या कामावर, आणि डबेवाल्यांच्या धंद्यात तर मुख्यतः याच तालुक्यांतली. आबांचे थोरले भाऊ दादरला डबे वाहायचे. पणजोबांनी ज्या हप्त्यांची पुढे फेड केली ते पैसे भातातून निघाले नाहीत, मनिऑर्डरीतून आले. मग मुंबई कुणाची, हा त्या घराचा भावनेचा प्रश्न होता की हिशेबाचा?

त्यात मावळच्या पाण्याची गोष्ट वेगळीच. लोणावळा, वळवण, शिरवटा ही टाटांची धरणं आपल्या डोंगरात बांधली गेली, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. शेजारच्या मुळशी पेठेत अशाच धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी म्हणून जी मुंबई नागरिक समिती निवेदनं देत होती, तिच्यात पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते, जे. आर. डी. टाटा होते. त्यांचा मुद्दा आर्थिकच होता: हे शहर भांडवलाने उभं केलं, ते भाषेच्या हवाली करू नका. त्यावर मावळातला माणूस म्हणू शकत होता, भांडवल तुमचं, पण वीज कुणाच्या डोंगरातली आणि हात कुणाचे? हा वाद भाषेचा जितका होता तितकाच मालकीचा होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्येच, भाषावार प्रांत आयोगापुढच्या निवेदनात, मुंबईच्या मालकीचे हे युक्तिवाद एकेक करून तपासले होते. अर्थशास्त्रातली डी.एस्सी. असलेला माणूस.

आणि तेच बघण्यासारखं आहे. समितीचे उमेदवार अर्थतज्ज्ञ नव्हते, पण मागणीच्या मागे अर्थशास्त्र कळणारी माणसं उभी होती. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ (काकासाहेब वेगळे, दोन गाडगिळांची गल्लत करू नका, मी केली आहे) संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या आर्थिक मांडणीत आघाडीवर होते. हेच धनंजयराव प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विख्यांच्या सोबत होते. आणि चिंतामणराव देशमुख! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, सहा वर्षं देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. देशातला सगळ्यात मोठा हिशेबनीस याच प्रश्नावर खुर्ची सोडून उठला, हे तळेगावच्या पंचविशीतल्या शाळामास्तराने वर्तमानपत्रात वाचलंच असणार.

तेव्हा मला असं वाटतं की आबांनी अर्थकारण बाजूला ठेवलं नाही. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. मुंबईचा हिशेब देशमुख-गाडगिळांवर सोडला. म्हाळगींकडून त्यांना अर्थशास्त्र नको होतं. विधानसभेत द्वैभाषिकाविरुद्ध वर होणारा एक हात हवा होता. तेवढ्यापुरतं म्हाळगींचं अर्थकारण पोकळ असलं तरी चालण्यासारखं होतं. समितीचा एकटा आमदार कूळकायदा मागे घेऊ शकत नव्हता, आणि सत्ता मिळालीच असती तर शेकाप-कम्युनिस्टांच्या गर्दीत जनसंघाला तो घेऊ कोण देणार होतं? धोका कुठे मोठा आणि कुठे छोटा, याचा हा अंदाज आहे.

आणखी एक कारण आहे, ते फार व्यवहारी आहे. पुण्यात गोऱ्यांची झोपडी निवडून यायची तर जनसंघाच्या मतदाराने समाजवाद्याला मत द्यायला हवं होतं. ते तो देणार कधी? मावळात समाजवाद्याने पणतीला दिलं तर. धुळ्याला उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीला प्रेमजीभाई आसर हे जनसंघाचे दोन खासदार १९५७ मध्ये निवडून आले. त्या वर्षी साऱ्या देशात जनसंघाचे खासदार चार, त्यातले एक अटलबिहारी वाजपेयी. चारातले दोन समितीच्या महाराष्ट्राने दिले. त्याच वेळी साताऱ्यातून कम्युनिस्ट नाना पाटील, नाशिकहून दादासाहेब गायकवाड. प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावडत्या माणसाचं ओझं उचललं.

या सगळ्याला सिद्धांतात काय म्हणतात, ते बघू. योगायोग असा की १९५७ मध्येच अमेरिकेत अँथनी डाउन्स यांचं 'ॲन इकॉनॉमिक थिअरी ऑफ डेमॉक्रसी' प्रसिद्ध झालं. राज्यशास्त्राच्या पेपरला तुम्ही ते वाचालच. डाउन्सचा मतदार धोरणांची तुलना करतो, आपल्या सगळ्यात जवळचा पक्ष निवडतो, आणि माहिती मिळवायला वेळ-पैसा लागतो म्हणून सगळी माहिती मिळवत बसत नाही. १९६३ मध्ये डोनाल्ड स्टोक्स यांनी आक्षेप घेतला: पक्ष एकाच रेषेवर डावीकडून उजवीकडे उभे असतात हेच गृहीत कशाला? कुठला प्रश्न महत्त्वाचा हेच निवडणुकीगणिक बदलतं. मावळचा मतदार स्टोक्सच्या बाजूचा साक्षीदार आहे. आर्थिक रेषेवर आबांपासून सगळ्यात लांब उभा असलेला उमेदवार त्यांनी निवडला, कारण त्या वर्षी रेषाच वेगळी होती.

आता माझ्या फजितीबद्दल. संशोधन सल्लागार समितीच्या पहिल्या बैठकीत मी एक स्लाइड दाखवली होती. १९५२ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेत जनसंघ शून्य, १९५७ मध्ये मावळसारख्या जागा. खाली माझा निष्कर्ष: 'ग्रामीण पुणे जिल्ह्यात जनसंघाच्या आर्थिक-सामाजिक विचाराला वाढती मान्यता.' गाइडनी शांतपणे विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं? पेटीने?" खोलीत सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येताना लोकलमध्ये ते हसू उतरलं. कारण उलट सांगणारा पुरावा माझ्याच फोनमध्ये होता आणि मी तो सात वर्षं पुन्हा ऐकलाच नव्हता.

चूक जुनी आहे आणि तिला नाव आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० च्या एका लेखात दाखवलं की प्रदेशांच्या सरासऱ्यांमध्ये दिसणारा संबंध व्यक्तींमध्ये नुसता कमी-जास्त नव्हे, चक्क उलटाही असू शकतो. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. पण व्यक्तिशः बघितलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त होती. ते लोक जिथे नोकऱ्या आणि शाळा चांगल्या अशा राज्यांत जाऊन राहत होते, इतकंच. मतदारसंघाचा निकाल ही अशीच सरासरी आहे. निवडणूक आयोगाच्या पीडीएफमध्ये मावळच्या ओळीत पक्षाचं नाव आणि मतं आहेत. ती मतं कुणी, कशाला नाक मुरडून दिली, याचा रकाना नाही.

मग तपासायचं कसं? एक मार्ग म्हणजे पुढची निवडणूक. १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला. बांधणारी दोरी सुटली. १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या आणि जनसंघाला एकही मिळाली नाही. पणतीला मिळालेली मतं उसनी होती, हे यातून बऱ्यापैकी दिसतं. बऱ्यापैकीच म्हणतो, कारण पाच वर्षांत बाकीचं जग थांबलेलं नव्हतं. मतदारसंघ बदलले, यशवंतराव आता द्वैभाषिकाचे नव्हे तर मराठी राज्याचे मुख्यमंत्री होते, समितीतले कित्येक काँग्रेसच्या वाटेला लागले होते. नैसर्गिक प्रयोग म्हणून हे उदाहरण वापरायला माझे हात शिवशिवतात, पण प्रयोगशाळेत असला प्रयोग कुणी पास केला नसता.

या मताची किंमतही होती, ती लपवून उपयोग नाही. 'अर्थकारणाचं नंतर बघू' म्हणून एकत्र आलेली माणसं, नंतर आलं तेव्हा एकत्र राहू शकली नाहीत. १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. जनसंघ त्याच्या कडाडून विरोधात, समाजवादी-कम्युनिस्ट तत्त्वतः त्या दिशेचे. मुंबई सोडून दुसरा कुठलाही आर्थिक प्रश्न निघाला की समितीची ही गत. एवढा मोठा विरोधी पक्ष महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यानंतर बराच काळ दिसला नाही, आणि तो शेती, कमाल जमीनधारणा, सहकार यांवर एक पर्यायी कार्यक्रम मांडू शकला नाही. आबांच्या थट्टेत तथ्य होतं, असं म्हणायला जागा आहे. शंका असूनही पाठिंबा दिला म्हणून शंका खोटी ठरत नाही.

जाता जाता तळेगावचंच एक जुनं उदाहरण. आपल्या गावचा पैसा फंड काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना: घरटी एकेक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचे. टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये इथे काचेचा कारखाना उभा राहिला. एकेका पैशाने कारखानदारी चालते का, ही शंका तेव्हाच्या हिशेबी माणसांना आलीच असेल. नफ्या-तोट्याच्या वहीत बसवायला तो अवघड व्यवहार होता. तरी पैसे जमले आणि इथे शिकलेले कारागीर पुढे देशभर पांगले. पैसा देणाऱ्यांपैकी किती जणांचा त्या अर्थशास्त्रावर विश्वास होता, हे फंडाच्या जमाखर्चात सापडायचं नाही. तिथेही फक्त पेटीच बोलते.

मुलाखती घेणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना, आणि ती माझ्याच रेकॉर्डिंगवरून. 'तुम्हाला त्यांची धोरणं पटायची?' हा प्रश्न मी आधीच उत्तर ठरवून विचारला होता. मत म्हणजे पटणं, असं मी धरून चाललो. समोरच्याने ते गृहीत मोडलं तर तिथेच थांबा, पुढच्या प्रश्नाचा कागद बाजूला ठेवा. आणि आठवणींवरही डोळे झाकून विसंबू नका. आबा २०१६ मध्ये बोलत होते, एकोणसाठ वर्षांनी. मधल्या काळात जनसंघाचं काय काय झालं ते सगळं त्यांना माहीत होतं. 'कधीच पटलं नाही' यातला 'कधीच' १९५७ चा आहे की नंतर घातलेला, हे मी सांगू शकत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात आजीला विचारलं. ती आता नव्वदीत आहे, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. या वेळी मी सुधारलो होतो. धोरणांचं नावही काढलं नाही. नुसतं म्हटलं, "आजी, सत्तावन सालच्या मतदानाचं सांग ना."

"तुझे आबा आठवडाभर घरात टिकत नव्हते. पणतीचा प्रचार. ह्यांचं आणि मामंजींचं त्यावरनं वाजलंही. मामंजी म्हणायचे, जमीन नावावर व्हायची वेळ आली आन् तू त्यांच्याच उरावर बसतोस."

"मग मामंजींनी कुणाला दिलं?"

"ते बोलले नाहीत कधी."

"आणि तू?"

"मी बैलजोडीच्या पेटीत टाकलं." तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू आबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेत. "ह्यांना सांगितलं नव्हतं."

एका घरात एक कूळ, एक मुंबईची मनिऑर्डर आणि किमान दोन पेट्या. आजी तेव्हा एकवीस-बावीसची असेल. मतदानाचं वय एकवीस. कदाचित ती १९६२ चं १९५७ मध्ये मिसळत असेल. सध्या मी तळेगावची १९५७ ची मतदार यादी शोधतोय. तिचं नाव तीत आहे का, आणि असलं तर कोणतं, माहेरचं की सासरचं, एवढं बघायचं आहे.